वाम, बांगडा आणि इंद्रायणीचा भात : सांगलीतली घरची डोनबुरी

सुशी नाही, हे आधीच सांगते, कारण जपानी म्हटलं की सगळे पहिल्यांदा तेच विचारतात आणि पाठोपाठ "कच्चा मासा खाता व्हय तुम्ही?" म्हणून तोंड वाकडं करतात. मी घरी करते ती डोनबुरी. म्हणजे खोलगट वाडग्यात गरम भात, त्यावर शिजवलेला मासा, वरनं थोडा गोडसर-खारट रस आणि बाजूला काहीतरी आंबट, झालं. जपानात हे काही सणासुदीचं जेवण नाही, स्टेशनजवळच्या छोट्या हॉटेलात लोक बसतात, खातात आणि उठून कामाला जातात, तसलं रोजचं खाणं आहे. म्हणूनच घरी करायला सोपं जातंय.

आमच्यात हे खूळ आलं ते दीरांमुळं. भावजी कंपनीच्या कामासाठी नागोयात राहून आले. तिथं हित्सुमाबुशी म्हणून प्रकार आहे, भातावर भाजलेली ईल बारीक कापून पसरलेली, ईल म्हणजे आपल्या वामसारखा लांबडा मासा, आणि ती खायची पण पद्धत ठरलेली, आधी नुसती खायची, मग कांदापात, नोरी म्हणजे समुद्री पाल्याचा वाळवलेला पातळ कागद, वासाबी म्हणजे नाकात जाणारी झणझणीत हिरवी चटणी घालून, आणि शेवटचा वाटा गरम दाशी, म्हणजे माशाचं पातळ सार, ओतून पेजेसारखा. भावजी हे इतकं रंगवून सांगायचे की शेवटी आमच्या सासूबाईच म्हणाल्या, "अरे मग कृष्णेत वाम नाही होय? करून बघूया की." आईंनी असं म्हटल्यावर मला कोण अडवतंय.

आता भात. माझं मत विचाराल तर निम्मी डोनबुरी भातातच आहे आणि लोक नेमकं तिथंच दुर्लक्ष करून नोरी कुठं मिळेल, वासाबी कुठं मिळेल असलं शोधत बसतात. बासमतीचं इथं काम नाही, दाणा दाणा सुटा राहिला की वरचा रस सगळा वाडग्याच्या बुडाशी जातो. जपानी तांदूळ आखूड, जाड आणि चिकट असतो, कारण त्यात अमायलोज नावाचा स्टार्च कमी असतो. आपल्याकडं त्याला जवळचा म्हणजे इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहोरापासून काढलेला, १९८७ सालचा वाण आहे हा. फरक एकच, इंद्रायणीला वास आहे आणि जपानी तांदळाला असा वास नसतो, त्यामुळं अगदी तंतोतंत तिथल्यासारखं होत नाही, पण खरं सांगू का, मला तो वास असलेलाच बरा वाटतो.

तांदूळ हलक्या हातानं धुवायचा, पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत, मग अर्धा तास भिजवायचा. नवा तांदूळ असेल तर एकास सव्वा पाणी पुरतं, जुना असेल तर दीड. जाड बुडाच्या पातेल्यात घट्ट झाकण ठेवून मध्यम आचेवर उकळी आणायची, मग गॅस एकदम बारीक करून बारा मिनिटं, मग बंद करून अजून दहा मिनिटं तसंच ठेवायचं, आणि ह्या सगळ्या वेळात झाकण उघडून बघायचं नाही. आमच्या घरात हे सगळ्यात अवघड आहे, येणारा-जाणारा प्रत्येकजण झाकण उचलून बघतो. कुकरला लावायचा तर एक शिट्टी बास. नंतर लाकडी उलथन्यानं भात खालनं वर करायचा, दाबायचा नाही, कापल्यासारखं करत सोडवायचा.

व्हिनेगर भातात घालायचं की नाही ह्यावर पण गोंधळ असतो. ते मुख्यतः सुशीच्या भातात, नाहीतर कच्च्या माशाच्या वाडग्यात घालतात. गरम, भाजलेल्या माशाच्या डोनबुरीला साधा भातच असतो, त्यात मीठ पण नसतं. मी फक्त एप्रिल-मे मध्ये, गरम भात समोर आला तरी घाम फुटतो तेव्हा, आंबट भात करते. दोन वाट्या तांदळाच्या भाताला तीन चमचे व्हिनेगर, दोन चमचे साखर, एक छोटा चमचा मीठ, हे कोमट करून विरघळवायचं आणि भात गरम असतानाच वरनं शिंपडायचं. आपल्याकडचं किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर तांदळाच्या व्हिनेगरपेक्षा फार झणका मारतं, म्हणून मी त्यात थोडं पाणी घालते. जपानी लोक ह्या कामाला लाकडी पसरट टोप वापरतात, जास्तीचा ओलावा लाकडात शोषला जातो म्हणून. आमच्या माळ्यावर आईंची काठवट पडून होती, भाकरी आता परातीतच होते, ती खाली काढली, धुतली, आणि त्यात भात पसरून वर्तमानपत्रानं वारा घातला. काय सुंदर दाणा दिसतो.

मासा आणणं हा वेगळाच कार्यक्रम. सांगलीत दोन तऱ्हेचा मासा येतो. समुद्राचा रत्नागिरीकडनं, आंबा घाटातनं वर चढून कोल्हापूरमार्गे, बर्फाच्या पेट्यांत. आणि नदीचा कृष्णेतनं, वारणेतनं. नदीत कुठं घाण पाणी उतरल्याची बातमी असली की त्या आठवड्यात मी नदीचा मासा आणत नाही, एवढं सोडलं तर दोन्ही चालतात.

बांगडा घेताना मी फार कटकट करते. डोळा फुगीर आणि चकचकीत पाहिजे, कल्ला लाल पाहिजे, पोट दाबलं तर बोटाचा खड्डा राहायला नको. हे फक्त चवीसाठी नाही. बांगडा, सुरमई, ट्यूना हे सगळे एकाच घराण्यातले, हे मासे उन्हात-गरम्यात पडले की त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते नंतर कितीही तळा, भाजा, उकळा, जात नाही. तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं चढतं, लोकांना वाटतं ॲलर्जी झाली. म्हणून मी उन्हाळ्यात डब्यात बर्फ घेऊनच बाजारात जाते, माशेवाल्या मावशी हसतात पण डब्यात अजून दोन मुठी बर्फ टाकतात.

त्यांना तुकड्या पाडायची सवय. आडव्या, जाड, रश्शात टाकायच्या. मी म्हटलं मावशी, बांगड्याला मधनं फाडा, दोन फाका करा आणि मधला काटा काढा. तर म्हणतात, "काटा काढल्यावर मग ऱ्हातंय काय त्यात, चव काट्यालाच असती." बरोबर आहे त्यांचं, रश्शासाठी तर नक्कीच. पण भाताबरोबर चमच्यानं खायचं असेल तर काटा नको.

वामचं तर बघण्यासारखंच असतं. मासा हातात ठरत नाही इतका बुळबुळीत, मावशी आधी मूठभर राख घेऊन डोक्यापासनं शेपटीपर्यंत फासतात, मग मान धरून विळीवर. पाठीवर बारीक काट्यांची रांग असते, उलट्या दिशेनं बोट फिरलं की टोचलंच. खरं तर आपली नदीची वाम आणि जपानी ईल ही सख्खी भावंडं नाहीत, अंग लांबडं म्हणून दिसायला सारखी. पण मधला काटा निघाला की बाकी काटे फारसे उरत नाहीत, मांस घट्ट आणि गोडसर, तिथं दोघींचं जमतं. जपानात तोक्योकडं ईल पाठीतनं चिरतात, वाफवतात आणि मग भाजतात, ओसाकाकडं पोटातनं चिरतात आणि वाफवल्याशिवाय थेट निखाऱ्यावर. मावशींनी पोटातनं चिरली, म्हणजे आमच्या मावशी ओसाकाच्या पार्टीतल्या निघाल्या. मी मात्र घरी आणून वाफवते, त्यामुळं दोन्हीकडची मंडळी नाराज.

कच्च्या माशाबद्दल एकदाच बोलते. आमच्याकडं होत नाही आणि तुम्हीही करू नका. समुद्राच्या माशात पण जंत असतात आणि नदीच्या माशात तर यकृतात जाऊन बसणारे चपटे कृमी असू शकतात. कच्चा खायचा मासा उणे २० अंशाला पूर्ण सात दिवस गोठवून ठेवावा लागतो, आपला घरचा फ्रिज फार तर उणे १८ पर्यंत जातो, तेपण पोरं बर्फाचा गोळा काढायला दर दहा मिनिटाला दार उघडत नसतील तर. विषय संपला.

आता रस, त्याला तिकडं तारे म्हणतात. मूळ कृतीत सोया सॉस, मिरिन, साके म्हणजे तांदळाची साधी दारू, आणि साखर. मिरिन म्हणजे तांदळाची गोड दारू, साधारण चौदा टक्के अल्कोहोल असतं, त्यातल्या साखरेमुळंच माशावर ती चकाकी येते. इथं मिळत नाही आणि आईंच्या स्वयंपाकघरात दारूची बाटली ठेवायची माझी हिंमत पण नाही. पण उसाच्या पट्ट्यात राहून गोड चकाकी आणता येत नसेल तर काय उपयोग! गुऱ्हाळावरनं आणलेली काकवी घरात होतीच. अर्धी वाटी सोया सॉस, अर्धी वाटी पाणी, दोन चमचे काकवी, एक चमचा साखर आणि आल्याच्या चार चकत्या, हे बारीक आचेवर आटवायचं, चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरून राहिलं की गॅस बंद. गार झाल्यावर अजून दाट होतं म्हणून आधीच थांबायचं. सगळीच काकवी घातली तर तिचाच वास पुढं येतो, म्हणून थोडी साखर. गूळ मी वापरत नाही, वर फेस आणि मळी येत राहते, काढता काढता वैताग.

सोया सॉसवर मात्र काटकसर करू नका. चायनीजच्या गाडीवर असतो तो काळाकुट्ट सॉस इथं घातला की सगळं मंचुरियनच लागतं. बाटली उलटी करून वाचायची, त्यात पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच लिहिलं असेल आणि नैसर्गिकरीत्या आंबवलेला म्हणून म्हटलं असेल तर घ्यायची. महाग असतो पण एका वेळी लागतो किती.

आणि तिरफळ! हे मला स्वतःला सापडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. ईलच्या भातावर जपानी लोक सान्शो नावाची पूड भुरभुरतात, जीभ किंचित बधिर करणारी, लिंबासारखा वास. भावजींनी आणलेली बारकी डबी होती, ती उघडून हुंगली आणि मला थेट मालवणी बांगड्याचं तिखलं आठवलं. सान्शो आणि तिरफळ दोन्ही एकाच कुळातली झाडं, झँथोझायलम. कोकणात बांगड्याला तिरफळ घालतात आणि तिकडं ईलला सान्शो, दोन्ही तेलकट मासे, दोन्हीकडं लोकांनी तोच इलाज काढला. तिरफळाच्या आतलं काळं बी फेकून द्यायचं, फक्त साल तव्यावर जरा गरम करून खलबत्त्यात कुटायची. दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढीच घालायची, जास्त झाली की जीभ सुन्न होऊन बाकीचं काही कळत नाही.

दाशीला पण असाच पर्याय मिळाला. जपानात कोंबू नावाच्या समुद्री पाल्याची आणि सुकवून धुरावलेल्या माशाच्या पातळ कापांची दाशी करतात, पण घरगुती, स्वस्तातली दाशी वाळवलेल्या बारक्या माशांची, निबोशीची असते. ते मासे अँकोव्हीच्या जातीचे, आणि आपली मांदेली पण त्याच कुटुंबातली. सुकी मांदेली बाजारात मिळते. डोकं आणि पोटातला काळा भाग नखानं काढून टाकायचा, नाहीतर पाणी कडू होतं, मग मूठभर मांदेली लिटरभर पाण्यात अर्धा तास भिजवून, उकळी आल्यावर फेस काढत दहा मिनिटं, गाळलं की दाशी तयार. उमामी म्हणजे सार-रश्शातली ती भरलेली चव, ती किकुनाए इकेदा ह्या शास्त्रज्ञानं १९०८ मध्ये कोंबूतनं ग्लुटामेट वेगळं करून दाखवली, नंतर कळलं की सुक्या माशातलं इनोसिनेट आणि हे ग्लुटामेट एकत्र आले की चव नुसती दुप्पट नाही, कितीतरी पट चढते. आमच्याकडं ग्लुटामेट सोया सॉसमधनं आणि इनोसिनेट मांदेलीतनं. घरभर सुकटीचा वास मात्र सुटतो, शेजारचे लोक शाकाहारी असतील तर आधी खिडक्यांचा विचार करा.

बाजूचं आंबट म्हणून मुळा. जपानात ताकुआन म्हणून पिवळं मुळ्याचं लोणचं असतं, मूळ पद्धतीत मुळा वाळवून तांदळाच्या कोंड्यात आणि मिठात महिनोन्‌महिने मुरवतात, आणि पिवळा रंग आणायला गार्डिनियाची फळं नाहीतर हळद. हळद! सांगलीत बसून अजून काय पाहिजे. मी कोंड्याच्या नादाला लागत नाही, मुळ्याच्या पातळ चकत्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवते, पिळून घेते, मग व्हिनेगर, साखर आणि चिमूटभर हळद. दोन-तीन तासांत खायला होतं. काकडीचं पण असंच, तिला हळद नको, वरनं भाजलेले तीळ.

शिजवणं सगळ्यात कमी वेळाचं काम आहे. बांगड्याच्या फाकांना दोन्ही बाजूंनी मीठ लावून वीस मिनिटं ठेवायचं. हळद नाही, मसाला नाही, नुसतं मीठ, आणि हे बघून आईंचा जीव खालीवर होतो. "वास येईल गं" म्हणतात. पण मिठानं माशाच्या अंगावर पाणी सुटतं, वास त्या पाण्यातच असतो, ते कोरड्या फडक्यानं नीट टिपून घेतलं की वास राहत नाही. कातडीवर तिरक्या दोन चिरा द्यायच्या, लोखंडी तवा चांगला तापू द्यायचा, थोडं तेल, आणि कातडी खाली करून ठेवायचा. पहिलं अर्धं मिनिट उलथन्यानं दाबून धरायचं नाहीतर फाक वाटीसारखी वाकते. चार-पाच मिनिटं हात लावायचा नाही, कड पांढरी होत वर सरकताना दिसते, मग उलटून दोनच मिनिटं. बांगड्याला मी तारे लावत नाही, नुसतं लिंबू आणि किसलेला मुळा.

वाम आधी वाफवते. मोदकपात्रात ठेवायला गेले तर आईंनी भांडंच हातातनं काढून घेतलं, गणपतीचे मोदक होतात त्यात मासा नाही म्हणजे नाही, त्यामुळं पातेल्यावर स्टीलची चाळण. दहा मिनिटं वाफ, मग तव्यावर कातडीची बाजू खमंग होऊ द्यायची, तारे लावायचा, उलटायचा, परत लावायचा, तीन-चार वेळा. काकवी लगेच करपते, ह्या वेळी फोन आला तर घेऊ नका. कडा काळपट होऊन बुडबुडे येतात आणि स्वयंपाकघरात उसाच्या रसाचा, सोयाचा, भाजलेल्या माशाचा असा काही वास सुटतो की पोरं अभ्यास सोडून येतात.

वाडग्यात भात, त्यावर दोन चमचे तारे, मग नोरी कात्रीनं बारीक कापून, मग वामचे तुकडे, पातळ अंड्याच्या पोळीच्या बारीक पट्ट्या, कांदापात, तिरफळ. नोरी ऑनलाइन मागवावी लागते आणि पुडा उघडल्यावर लगेच हवाबंद डब्यात, पावसाळ्यात तर एका दिवसात सादळते. चॉपस्टिक भावजी सोडून कोणी धरत नाही. मी स्वतः हातानं खाते. सासरे पहिला अर्धा वाडगा आमच्या पद्धतीनं खातात आणि उरलेल्या अर्ध्यावर कारळ्याची चटणी घालून घेतात, आणि त्यांचं म्हणणं असं की नागोयात पण मध्ये काहीतरी घालून खातातच की. ह्यावर भावजींकडं उत्तर नाही. शेवटचा वाटा मांदेलीची गरम दाशी ओतून, हा मात्र सगळ्यांना आवडला, तापातनं उठलेल्या माणसाला सुद्धा देण्यासारखा आहे.

जपानात ईल खायचा मोठा दिवस जुलैच्या शेवटी येतो, उन्हाळ्यात ताकद येते म्हणून. आमच्याकडं तेव्हा बहुतेक आखाड चालू असतो, समुद्रातली मासेमारी बंद, बांगडा ताजा मिळत नाही, मटणाच्या दुकानासमोर रांगा. म्हणून आखाडात एक दिवस वामची डोनबुरी ठरलेली. आणि एकदा श्रावण लागला की वांगी. गंमत नाही, जपानात वांग्याची पण अशीच डोनबुरी करतात. कृष्णाकाठचं मोठं वांगं सोलून वाफवायचं, मधनं उभं चिरून वाम उघडतात तसं उघडायचं, काट्याचमच्यानं जरा सपाट करायचं, त्यावर सुरीनं आडव्या रेघा मारायच्या आणि तव्यावर तोच तारे लावून भाजायचं. श्रावणात दाशीचा प्रश्नच नाही, तिथं आल्याचा तुकडा टाकून उकळलेलं पाणी चालतं. तिरफळ मात्र तेवढीच.